वाजत गेलेली भांडी

वडवणीत सेवा समाज निघाला तो निजामाच्या राज्यात, फसली १३३४ साली, म्हणजे १९२५च्या सुमारास, आणि त्याला कारण झाला विठ्ठलराव पाटलांचा एक मुकदमा. बांधाचा मुकदमा होता. तो हैदराबादपर्यंत गेला आणि तिथे निकाल विरुद्ध गेला. पण पाटील अगदीच रिकाम्या हातांनी परतले नाहीत. तारखेची वाट बघत शहरात पडून असताना त्यांनी एक अंजुमन पाहिली होती. सतरंजी, खुर्च्या, गळ्यात हार, एक माणूस उभा राहून बोलतोय आणि बाकीचे ‘वाहवा, वाहवा’ म्हणतायत. हे लोक नक्की करतात काय, असं पाटलांनी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "खिदमत." म्हणजे गोरगरिबांची सेवा. पाटलांनी हारांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मनाशी म्हटलं, एवढं तर आपल्यालाही येईल.

त्यासाठी माजलगावच्या तहसिलीतून इजाजत आणावी लागली. चार माणसं एका जागी बसणार म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत असणार, असं सरकारचं मत असे.

"सियासत तो नहीं ना इसमें?" तहसीलदारांनी विचारलं.

"न्हाई साहेब. नुसती सेवा."

तहसीलदारांनी पाटलांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोक्यात काही नाही याची खात्री पटल्यावर सही केली.

सभासद जमले सात. विठ्ठलराव सदर, म्हणजे अध्यक्ष झाले. किराणा दुकानवाले गुरुपादअप्पा शेटे मोतमद झाले, म्हणजे आपण ज्याला चिटणीस म्हणतो ते. उरलेल्या पाचांनाही एकेक पद मिळालं, कारण पदाशिवाय कुणी यायला तयार नव्हतं. बिभीषण नावाचा एक शेतकरी होता, त्याच्या वाट्याला काही उरलं नाही म्हणून त्याला झेंडेवाला केलं. झेंड्याची इजाजत नव्हती, त्यामुळे झेंडा नव्हता. पण झेंडेवाला होता. साधा सभासद असा समाजात एकही नव्हता.

आता सेवा कसली करायची, यावर बराच खल झाला. शेवटी विठ्ठलरावांनाच सुचलं. लग्नकार्यात गरिबाला मोठी भांडी कुठून मिळणार? हंडे, पातेली, पराती, कढया? ती समाजाने द्यावीत. यावर सातही जणांनी माना डोलावल्या. आजवर गावातली लग्नं कशात शिजत होती, हा प्रश्न कुणी विचारला नाही. घरी बायकोला विचारलं असतं तर कळलं असतं. पण समाजाची कामं घरी विचारायची नसतात.

नवी भांडी आणायला बीडला जावं लागलं असतं. विठ्ठलराव मोठ्या मनाचे. त्यांनी स्वतःच्या घरची मोठी भांडीच समाजाला देऊन टाकली. दोन पितळी हंडे, पंगतीचं तांब्याचं पातेलं, दोन पराती, एक कढई. कल्हई करून ती गुरुपादअप्पांच्या गोदामात रचली, त्यांना हार घातला, आणि पाटलांनाही घातला.

घरी केसरबाई, म्हणजे पाटलांची मंडळी, रिकाम्या फडताळाकडे बघत उभ्या होत्या.

"अवो, ती माझ्या सासूची भांडी हायत."

"आता ती समाजाची हायत."

"मग लोक काय न्यायचे राहिलेते का? गावातल्या निम्म्या लग्नांचा भात त्याच पातेल्यात शिजलाय."

"मला कसं म्हाईत न्हाई?"

"तुमाला कशाला म्हाईत आसंल? मागच्या दारानं जातेत, मागच्या दारानं येतेत. कुणाची अडचण काय पुढच्या दारानं सांगायची आसती?"

पाटलांना हे ऐकून फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपल्याच घरातून सेवा चालली होती आणि कुणाला पत्ता नव्हता, म्हणजे ती सगळी वायाच गेली होती.

म्हणून पुढच्या सभेत नियम झाला. गुरुपादअप्पांनी तो मांडला. ते शांतपणे बोलत, पण त्यांच्या शांतपणामागे तराजू असे.

"पाटील, सेवा झाली हे कुणाला कळलंच न्हाई, तर ती झाली कशी म्हणायची?"

तेव्हा असं ठरलं की भांडी ज्याच्या घरी जातील त्याच्या घरी गाडीतून जातील, पुढे हलगी वाजत जाईल, आणि हलगीवाला म्हाळू चौकाचौकात थांबून पुकारा करील. पुकाऱ्याचे शब्द विठ्ठलरावांनी स्वतः बसवले. "ऐका हो ऐका! गावातलं गरीब, नडलेलं, अडलेलं घर बघून सेवा समाज भांडी देतो हो!" आणि मग घरधन्याचं नाव. म्हाळूचा आवाज असा की बाजारात बोलला तर शिवारात बैल थांबायचे. तो समाजाचा सभासद नव्हता. त्याला सभासद करून घ्यायची गोष्ट कुणाच्या मनात आली नाही आणि त्यानेही तशी आशा धरली नव्हती. समाजाचं जे काही काम गावाला ऐकू जात होतं ते मात्र सगळं तोच करत होता.

पहिली भांडी गेली बिभीषणाचा थोरला भाऊ धोंडीराम याच्या घरी, मुलीच्या लग्नाला. वाजत गेली. धोंडीराम दारात उभा होता. पुकारा झाला तेव्हा तो हसला, कारण रडणं बरं दिसलं नसतं. लग्न उरकल्यावर तो नारायणगडाच्या जत्रेला म्हणून गेला आणि जत्रा मोडून लोक परतले, दुकानंही परतली, तरी धोंडीराम काही परतला नाही. पुढे आला, पण बाजारात यायचं असलं की ओढ्याकडून यायचा.

त्यानंतर भांडी मागायला कुणी फिरकलं नाही. गोदामात हंड्यांवर धूळ बसली. समाजाने याचा गंभीरपणे विचार केला आणि निष्कर्ष काढला की गावाला अजून नीट ऐकू गेलेलं नाही. म्हणून आणखी एक हलगी लावायचं ठरलं.

अशा वेळी मुक्ताबाई आली.

मुक्ताबाई ही पाटलांची चुलत बहीण. दोघं एका अंगणात वाढलेली. नवरा वारल्यावर ती मुलीला घेऊन वडवणीला आली. पण भावांच्या घरात राहिली नाही. मारुतीच्या बोळात दोन खणांचं घर घेऊन, लोकांच्या शेवया वळून, डाळी भरडून तिने चंद्रभागेला वाढवलं. कुणापुढे हात पसरला नाही. दर भाऊबीजेला पाटलांना ओवाळायची आणि ओवाळणी म्हणून ते जे देतील त्यातलं अर्धं फराळाच्या रूपाने परत पाठवायची. चंद्रभागेचं लग्न चकलांब्याच्या बद्रीनाथ खेडकरांच्या मुलाशी ठरलं होतं. घर चांगलं, रान विहिरीखालचं. फक्त सासू तोंडाची तिखट आणि नणंदा तीन.

पाटील ओसरीवर एकटे आहेत असं बघून ती आली. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"दादा, तुझी भांडी लागतेत."

"आगं, ती आता माझी न्हाईत. समाजाची..."

"आयकलंय मी. सगळ्या गावानं आयकलंय." ती म्हणाली. "पयल्यासारखं आसतं तर मी वैनीकडून नेली असती, तुला कळलं बी नसतं. आता तू मालक झालास म्हणून तुझ्याकडं आले. भांडी दे, पण हलगी नको. चकलांब्याच्या लोकांना कळलं की धरमाच्या भांड्यात वऱ्हाड जेवलं, तर पोरीला जल्मभर ऐकावं लागंल. भाकरी करपली तरी तेच, न्हाई करपली तरी तेच."

"मुक्ते, मी हाय ना."

"हायस म्हणूनच आले. सबूद देतूस?"

"दिला," पाटील म्हणाले. आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाले.

सभा गुरुपादअप्पांच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांवर भरली. पाटलांनी घसा साफ करून सांगितलं की यावेळी भांडी मुक्ताबाईकडे द्यायची आहेत.

"वा!" गुरुपादअप्पा म्हणाले. "सदरसाहेबांची सख्खी चुलत बहीण! समाज आपला-परका बघत न्हाई हे लोकांना दिसंल. आन् योग बी कसा बघा, बाजारच्या दिवशी तहसिलीचे पेशकारसाहेब दौऱ्यावर हायत. त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ द्या."

"तसं न्हाई अप्पा," पाटील म्हणाले. "मी म्हणतो, यावेळी जरा..."

"जरा काय?" झेंडेवाला बिभीषण पोत्यावरून पुढे सरकला. तो सभेत सहसा बोलत नसे. "माझ्या भावाच्या पोरीला हलगी वाजली तवा तुमीच म्हणालात, पाटील, यात लाजायचं काय. मग तुमच्या भाचीला कावून नको? माझ्या भावाला एक वाजली, तुमच्या भाचीला दोन वाजू द्या. आमी काय वंगाळ वाटून घेणार न्हाई."

सगळे पाटलांकडे बघू लागले. हैदराबादेत त्या हारवाल्या माणसाकडे बघत होते तसेच, फक्त वाहवा कुणी म्हणत नव्हतं.

आता पाटलांना तीन-चार गोष्टी बोलता आल्या असत्या. नियम चुकलाय असं म्हणता आलं असतं. धोंडीरामाच्या दारात मीच अन्याय केला, असं म्हणता आलं असतं. मी सबूद दिलाय एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, कारण गावात सबूद या शब्दाला अजून वजन होतं. पाटलांनी तोंड उघडलं.

"माझं म्हणणं एवढंच," ते म्हणाले, "की हलग्या नीट शेकून घ्या."

हलगीचं कातडं जाळावर शेकलं की ती जास्त कडक वाजते, हे सगळ्यांनाच माहीत होतं. गुरुपादअप्पांनी मान डोलावली. सभा संपली. पाटील घरी गेले आणि त्यांनी केसरबाईंना सांगितलं की आज भूक नाही.

मात्र त्यांनी एक तोड काढली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बाजार होता आणि बद्रीनाथ खेडकर साखर-खोबरं घ्यायला वडवणीला येणार होते. त्यांना गुरुपादअप्पांच्या दुकानात बसवून ठेवायचं, पानसुपारी करायची, बोलण्यात गुंतवायचं. दुकान बाजाराच्या टोकाला. हलगी मारुतीपासून निघून आडव्या गल्लीने परत मुक्ताबाईच्या बोळात जाणार, म्हणजे तिचा नुसता आवाज येईल, नाव येणार नाही. पाटलांना आपल्याच हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

दुकानात पेशकारसाहेब खुर्चीवर बसले होते. बद्रीनाथ पोत्यावर बसले होते. साधा, भला माणूस. बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. गुरुपादअप्पा स्वतः साखर जोखत होते. लांबून हलगी सुरू झाली.

"कुणाकडं लगीन हाय हो पाटील?" बद्रीनाथांनी विचारलं.

"हाय... हायत की. दाट तीथ हाय, चार-सा असतील."

"लई जोरात वाजवतेत."

"शेकून घेतलीय," पाटील नकळत म्हणून गेले.

हलगी थोडी थांबली, लांबून अस्पष्ट पुकारा ऐकू आला, मग ती पुन्हा सुरू झाली. यावेळी ती लांब जायची ती जवळ येऊ लागली. पाटलांनी मान वळवून बघितलं. बाजारातली माणसं दुभंगत होती आणि मधून गाडी येत होती. पुढे म्हाळू आणि त्याचा जोडीदार, मागे उन्हात चकाकणारे पाटलांच्या आईचे हंडे.

"हिकडं कशाला येतेत?" पाटील कुजबुजले.

"मीच सांगितलं," गुरुपादअप्पा तितक्याच हळू आवाजात, समाधानाने म्हणाले. "पेशकारसाहेब हितं बसलेत. मारुतीपाशी कोण बघणार? कुत्री?"

गाडी दुकानासमोर थांबली. हलग्या एकदम बंद झाल्या. बाजार गप्प झाला. म्हाळूने फेटा मागे सारला आणि छाती भरून श्वास घेतला.

"ऐका हो ऐका! गावातलं गरीब, नडलेलं, अडलेलं घर बघून सेवा समाज भांडी देतो हो! भांडी चालली..."

"म्हाळू!"

पाटील उभे राहिले होते. का उभे राहिलो हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

"मालक?"

"माझ्या घरी," पाटील म्हणाले. तोंडातून आवाज नीट निघाला नाही. "माझ्या घरी चाललीत. तसं सांग."

म्हाळूने त्यांच्याकडे पाहिलं. "मालक, पन मारुतीपाशी तर मी..."

"सांग म्हणतो ना बे!"

म्हाळू नेकीचा माणूस होता. काम अर्धवट करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने पुकारा पहिल्यापासून घेतला. पाटलांनी बसवलेला एकही शब्द त्याने गाळला नाही. "गावातलं गरीब! नडलेलं! अडलेलं घर! विठ्ठलराव पाटील! भांडी चालली विठ्ठलराव पाटलाच्या घरी हो!" आणि नियमाप्रमाणे वर दोन्ही हलग्या कडाडल्या.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मिरच्यांच्या ढिगामागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू एका पालातून दुसऱ्या पालात असं बाजारभर गेलं. गुरुपादअप्पांच्या हातातलं पारडं तिरकं होऊन साखर सांडली. पेशकारसाहेब खुर्चीवरून पुढे झुकले.

"अरे पाटील, इत्ते बुरे हालात हो गये क्या? कहना था ना पैले."

पाटलांचे कान असे तापले की त्यांना वाटलं, आता कानातून धूर निघेल आणि तोही लोकांना दिसेल. हसले नाहीत ते एकटे बद्रीनाथ. त्यांनी उठून पाटलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाटील, माणसावर येळ येती," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

हे ऐकण्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं.

गाडीमागून पाटील घराकडे चालत निघाले. गाडीत बसायची सोय नव्हती आणि पुढे चालायची हिंमत नव्हती. म्हाळूने हलगी काखेत घेतली होती. वाटेत तो मागे राहिला, पाटील जवळ येईपर्यंत.

"मालक, मारुतीपाशी बाईचं नाव एकदा घेऊन झालतं."

"कोण व्हतं तिथं?"

"बोळातली मानसं व्हती. त्यास्नी काय, म्हाईतच हाय." म्हाळू थोडा घुटमळला. "बाई बी दारात व्हत्या. मी नाव घेतलं तसं त्यांनी दार लावलं. लई हळू लावलं, मालक. आवाज बी न्हाई केला."

पाटील गाडीच्या चाकोरीत पाय ठेवत चालत राहिले.

"मला आदी सांगायचं व्हतं," म्हाळू म्हणाला. "मला वाजवायचं बी येतं आन् गप बसायचं बी येतं. पन तुमी शेकून घ्या म्हणालात."

केसरबाई दारात उभ्या होत्या. बातमी गाडीच्या आधी पोचली होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरतुकडा घेऊन त्या पुढे आल्या, सासूच्या भांड्यांवरून तो ओवाळून टाकला, आणि एकेक हंडा गड्यांकरवी उतरवून आत नेला. पाटील ओसरीवर बसले ते बसलेच. संध्याकाळी ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा फडताळ पुन्हा रिकामं होतं. मागच्या अंगणात शेणाच्या पाट्या घेऊन दोन बायका चालल्या होत्या आणि शेणाच्या पाटीखाली इतकं जड चालावं लागत नाही, हे पाटलांच्या लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, याचा ते विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. मामा म्हणून नवरीच्या मागे पाटलांनाच उभं राहायचं होतं. मुहूर्त जवळ आला, "मामा कुठायत, मामा?" असा हाकारा झाला, तेव्हा पाटील मांडवाच्या खांबाआड उभे होते. मुक्ताबाई दुसऱ्या कुणाचं नाव घेईल असं त्यांना वाटत होतं. तसं तिने करायला हवं होतं असंही वाटत होतं. पण विधवा म्हणून ती स्वयंपाकाच्या दारातच उभी होती. तिथून तिने त्यांना बघितलं आणि मान हलवून पुढे जायची खूण केली. भावाला डावललं असतं तर चार लोकांत त्याचा बोभाटा झाला असता. तिने तो होऊ दिला नाही. पाटील अक्षता टाकताना मान खाली घालून उभे होते. लोकांना वाटलं, भाचीच्या विरहाने गलबलले.

पंगत बसली. भात वाढायला पातेलं मधोमध आणून ठेवलं. तांब्याचं, मोठं, एक कान डाग देऊन बसवलेला. बद्रीनाथांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"हे पातेलं कालच्या गाडीतलं की."

पंगतीत वाढणारे हात थांबले. पाटील सोवळं नेसून तूप वाढत होते, ते तसेच वाकलेले राहिले. स्वयंपाकाच्या दारात मुक्ताबाई उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. फक्त तिने दाराची चौकट धरली होती.

"मंडळी, हे बघा," बद्रीनाथ ताटावरून उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल माझ्यासमोर ही भांडी पाटलांच्या घरी गेली. त्यांच्या घरी नड हाय म्हणून समाजानं दिली. सगळा बाजार हासत व्हता. आन् ह्या माणसानं काय केलं? सोता कळ काढून ती बहिणीच्या दारी पाठवली! आशे भाऊ न्हाईत राहिले आता. चकलांब्याला गेल्यावर मी चार ठिकाणी सांगणार हाय!"

वऱ्हाड ‘वाहवा’ म्हणालं. म्हातारे ‘धन्य, धन्य’ म्हणाले. तिखट तोंडाच्या सासूने डोळ्याला पदर लावला. बद्रीनाथ पुढे आले, आपल्या खांद्यावरचं कोरं उपरणं काढून त्यांनी पाटलांच्या गळ्यात घातलं. आणि पाटलांनी आहेर म्हणून आणलेलं धोतर-पागोटं त्यांच्या हातात परत ठेवत हळूच म्हणाले, "आसू द्या. तुमालाच लागंल."

गावातल्या बायका वाढता वाढता थांबल्या होत्या तिथूनच पदराआड हसत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. पाटलांनी एकदा खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे ही भांडी मुळात कुणासाठी निघाली होती ते सांगावं लागणार. तोंड मिटावं लागलं. हैदराबादेपासून ज्याची हौस होती ते सगळं मिळालं होतं. माणसं बसलेली, आपण उभे, गळ्यात कापड, आणि वाहवा. त्या वाहवाखाली पाटील तुपाचं भांडं घेऊन असे उभे होते, जणू चोरीच्या मालासकट पकडले गेले असावेत.

"मुक्ताबाई," बद्रीनाथ दाराकडे वळून म्हणाले, "भाऊ लाभावा तर आसा."

सगळे मुक्ताबाईकडे बघू लागले. तिने चौकटीवरचा हात काढला.

"व्हय," ती म्हणाली. "दादा आसाच हाय."

आणि ती आत भाजी ढवळायला गेली.

उन्हं कलली तेव्हा चंद्रभागेची पाठवणी झाली. गाड्या चकलांब्याच्या वाटेला लागल्या. मांडवात उष्ट्या पत्रावळी आणि पाटील, एवढेच राहिले. गुरुपादअप्पा जाताना सांगून गेले की खेडकरांनी केलेलं भाषण पेशकारसाहेबांच्या कानावर घालायला पाहिजे, समाजाचं नाव होईल. पाटलांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

मागल्या अंगणात मुक्ताबाई बसली होती. घरोघरच्या बायकांनी लग्नाला दिलेल्या, आता घासलेल्या ताटा-तांब्यांचे ढीग पुढे होते. ती एकेक ताट उलटं करून खूण बघत होती आणि वेगळं ठेवत होती. कुणाच्या ताटाला काठाजवळ पोचा, कुणाच्या तांब्याला चीर. पाटील येऊन तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी वाक्य जुळवून आणलं होतं.

"मुक्ते, मी सभेत..."

"हे ताट छबुबाईचं हाय," ती वर न बघता म्हणाली. तिने ताटात दोन लाडू ठेवले, कारण ताट रिकामं परत जात नसतं, आणि वर फडकं टाकलं. "पोचवायचं राहिलंय. बायका दमल्यात."

पाटलांनी ताट घेतलं. आपल्याला माफी मिळाली की काम मिळालं, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही. ते पुढच्या दाराकडे वळले.

"तिकडून न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "मागनं."

गावाच्या शिवारातला एकेक बांध पाटलांना तोंडपाठ होता. पण घरांच्या मागून जाणारा हा बोळ ते आज पहिल्यांदा चालत होते. एका बाजूला उकिरडे, दुसऱ्या बाजूला परड्यांच्या भिंती. भिंतींना जागोजागी खोबणी पडल्या होत्या, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेल्या. पाटलांनी ताट बद्रीनाथांच्या उपरण्याखाली झाकलं आणि छबुबाईच्या मागच्या दाराशी ते थांबले. इथे खाकरायचं असतं की कडी वाजवायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी बोटाच्या पेराने दारावर हळूच टिचकी मारली.

"कोन हाय?" आतून छबुबाईने विचारलं.

उभ्या जन्मात या प्रश्नाला पाटलांनी कधी हळू उत्तर दिलं नव्हतं.

"कुनी न्हाई," ते म्हणाले.

दार किलकिलं झालं. एक हात बाहेर आला, ताट आत गेलं. पाटील दुसरं ताट आणायला परत फिरले.